आखूडशिंगी, बहुदुधी

कोलोरॅडोत शिकारी तीन प्रकारचे. पहिल्यांना मांस हवं असतं. ऑक्टोबरात एक एल्क मारायचा, फ्रीजर भरायचा आणि पुढच्या ऑक्टोबरपर्यंत बंदुकीकडे ढुंकूनही बघायचं नाही. दुसऱ्यांना शिंगं हवी असतात. त्यांच्या दिवाणखान्यात पाहुण्यांपेक्षा भिंतीवरची मुंडकी जास्त. तिसऱ्यांना यातलं काहीच नको असतं. त्यांना काडतूस हवं असतं. एल्क हा त्यांच्या लेखी काडतुसाच्या पलीकडच्या टोकाला असलेला एक तपशील. असला तर उत्तम, नसला तरी चर्चेचं काही अडत नाही. अशा लोकांना तिकडे लाडानं ‘रायफल लूनी’ म्हणतात. आमचे बोल्टकाका या तिसऱ्या प्रकारातले, आणि त्यातही एका कडव्या पंथाचे. शॉर्ट मॅग्नम पंथ.

बोल्टकाका हे नाव आमच्या मुलांचं. फोर्ट कॉलिन्समध्ये राहायला आलो तेव्हा शेजारच्या गॅरेजातून संध्याकाळभर ‘खट्-खटाक्, खट्-खटाक्’ असा आवाज यायचा. साठीकडे झुकलेला, आडव्या बांध्याचा एक गृहस्थ रिकाम्या रायफलीचा बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा आणि मधूनच समाधानानं डोळे मिटून घ्यायचा. पहिल्या भेटीत त्यांनी मी कुठला, काय करतो, हवा कशी वाटते, यातलं काहीही विचारलं नाही. माझ्या दोन तळहातांवर दोन काडतुसं ठेवली आणि म्हणाले, “फरक सांग.”

एक उंच होतं, एक बुटकं होतं. मी तसं सांगितलं.

“चूक. फरक काहीच नाही. तीच तर गंमत आहे!”

उंच होतं ते थ्री हंड्रेड विंचेस्टर मॅग्नम, जन्म १९६३. बुटकं होतं ते थ्री हंड्रेड विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम, जन्म २००१. पंथात त्याला नुसतं ‘डब्ल्यूएसएम’ म्हणतात. दोन्हींत पावणेबारा ग्रॅमची तीच गोळी बसते आणि दोन्ही काडतुसं ती सेकंदाला नऊशे मीटरच्या आसपास वेगानं फेकतात. पण उंचाची पितळी पुंगळी ६६.५ मिलिमीटर, बुटक्याची ५३. गोळीसकट मोजलं तर एक ८५ मिलिमीटरला टेकतं आणि दुसरं ७३च्या आत थांबतं. उंची कापली तरी दारू मावायला हवी, म्हणून बुटक्याचा घेर वाढवलेला. दारूचा खांब आखूड आणि जाड असला की ती अधिक नीट, एकसारखी पेटते, ही श्रद्धा नेमबाजीच्या स्पर्धांतून आली. तिथे १९७५च्या सुमारास ‘पीपीसी’ नावाच्या ठेंगू काडतुसांनी भल्याभल्यांना मागे टाकलं होतं. पीपीसीचं नाव घेताना काका कानाच्या पाळीला हात लावत नाहीत, एवढंच.

काडतूस आखूड झालं की ते ज्या यंत्रणेत बसतं, ती ‘ॲक्शन’ आखूड होते. ॲक्शन आखूड म्हणजे बोल्टची ये-जा कमी, आणि रायफल शंभरेक ग्रॅमनं हलकी. थोडक्यात, दूध मॅग्नमचं आणि शिंगं छोट्या बंदुकीची. आखूडशिंगी, बहुदुधी गाय कुणाला मिळाल्याचं आमच्याकडे तरी कुणी ऐकलेलं नाही. अमेरिकेत ती २००१ साली वीस काडतुसांच्या खोक्यात घालून दुकानात ठेवली, आणि बोल्टकाकांनी पहिल्याच झटक्यात दावणीला आणून बांधली.

त्यानंतरची चार-पाच वर्षं काकांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ. विंचेस्टरनं टू-सेव्हन्टी आणि सात मिलिमीटरची भावंडं काढली. रेमिंग्टननं लगोलग आपली वेगळी आखूड चूल मांडली आणि तिला ‘शॉर्ट ॲक्शन अल्ट्रा मॅग्नम’ असं काडतुसापेक्षा लांब नाव दिलं. २००३ साली विंचेस्टरनं आणखी कापाकापी करून ‘सुपर शॉर्ट’ आणली. ती हातात घेतली तर काडतूस म्हणावं की औषधाची बाटली, असा प्रश्न पडतो. मधेच एका बंदूक-लेखकानं ही कल्पना मुळात माझी, पेटंट माझं, म्हणून कंपनीवर दावा लावला. काकांना त्या खटल्याच्या तारखा पाठ होत्या. त्याच सुमारास त्यांच्या लग्नाचा वाढदिवस येऊन गेला, तो मात्र नव्हता.

प्रत्येक नव्या काडतुसाला नवी रायफल लागते, हे वेगळं सांगायला नको. त्यातली निम्मी काडतुसं आता दुकानात सहजी मिळत नाहीत. सुपर शॉर्ट तर जवळजवळ दिसेनाशीच झाली. पण काकांच्या मते काडतूस अपयशी ठरण्याची कारणं दोनच: एक तर ते काळाच्या पुढे होतं, नाही तर कंपनीला विकता आलं नाही. काडतुसाचा दोष कधीच नसतो. १९६५ साली रेमिंग्टननं साडेअठरा इंची नळीच्या एका चिमुकल्या रायफलीत थ्री-फिफ्टी मॅग्नम नावाचं असंच आखूड काडतूस घातलं होतं. लोकांनी नाकं मुरडली. काका ते सांगतात तेव्हा साठ वर्षांपूर्वीचा तो अपमान परवाच त्यांच्या घरी घडला असं वाटतं.

दुकानात काडतुसं मिळत नाहीत म्हणून ती घरी भरायची. गॅरेजात त्याचा सगळा संसार मांडलेला आहे: पुंगळ्या घासायचं यंत्र, त्यांना पुन्हा आकार देणारे साचे, दाबयंत्र, आणि एक काटा. दारू ग्रेनमध्ये मोजतात आणि १ ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम. काका ती ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत मोजतात. पंखा बंद, दार बंद, मला खोकायला बंदी. याच माणसाला कॉफीत साखर किती, असं विचारलं की “घाल थोडी” म्हणतो.

नावांच्या बाबतीत मात्र या काटेकोर लोकांनी सगळाच आनंद ठेवलेला आहे. थ्री हंड्रेडमधल्या गोळीची जाडी इंचाचे ३०८ हजारांश. थ्री-ओ-एटमधलीही तेवढीच. थर्टी-ऑट-सिक्समधलीही तेवढीच, आणि तिच्यातला ‘सिक्स’ म्हणजे १९०६ साल. टू-सेव्हन्टीची गोळी २७७. मी एकदा भाबडेपणानं म्हणालो, मग सरळ खरी जाडीच का लिहीत नाहीत? काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा विचारलं नाही.

आता लाथेकडे येऊ. दुभत्या गाईच्या लाथा गोड, हे काकांना कुणी न सांगता ठाऊक आहे. बहुदुधी काडतूस हलक्या रायफलीत घातलं की खांद्याला बसणारा धक्का जुन्या थर्टी-ऑट-सिक्सच्या सहज दीडपट होतो. काकांच्या उजव्या भुवईवर एक चंद्रकोर कायमची कोरलेली आहे. रायफल मागे आली, दुर्बिणीची कड कपाळावर बसली. आमच्या धाकटीला बरेच दिवस वाटत होतं की काका रोज सकाळी ती लावतात.

या लाथेवर त्यांनी जो इलाज केला, तो मी टप्प्याटप्प्यानं डोळ्यांदेखत पाहिला आहे. आधी नळीच्या तोंडाला मझल ब्रेक बसवला. त्यातून वायू बाजूंना फेकला जातो आणि धक्का बराच उतरतो, पण आवाज असा वाढतो की नेमबाजीच्या मैदानावर डावी-उजवीकडची मंडळी टेबलं सोडून उठली. म्हणून ब्रेक काढून सायलेन्सर. त्यासाठी १९३४च्या केंद्रीय कायद्याखाली अर्ज, बोटांचे ठसे, फोटो असं सगळं केलं. आवाज उतरला, धक्काही उतरला, पण रायफलीची लांबी हातभर वाढल्यासारखी झाली. झुडपांत अडकायला लागली. म्हणून नळी कापली. चोवीस इंचांची अठरा केली. नळी कापली की गोळीचा वेग उतरतो, दर इंचाला सेकंदामागे सात-आठ मीटर. हिशेब मीच करून दाखवला: मॅग्नमनं जेवढा जादा वेग दिला होता, त्यातला बराचसा कारागिराच्या करवतीनं परत घेतला, आणि वेगाचा काटा काकांच्या वडिलांच्या थर्टी-ऑट-सिक्सच्या शेजारी येऊन बसला. मधल्या काळात बोल्टच्या ये-जात वाचवलेले मिलिमीटर बारा, सायलेन्सरनं वाढवलेले एकशेऐंशी. हलकी ॲक्शन घेऊन वाचवलेले ग्रॅम शंभर. सायलेन्सर, दुपायी आणि दुधी भोपळ्याएवढी दुर्बीण मिळून वाढलेले जवळजवळ दोन हजार.

काकांनी माझा कागद शांतपणे वाचला. म्हणाले, “पण ॲक्शन अजून आखूडच आहे की नाही?”

ती होती.

जिम कॉर्बेटची गोष्ट मी त्यांना याच काळात सांगितली. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल कॉर्बेटला टू-सेव्हन्टी-फाइव्ह रिग्बी रायफल बक्षीस मिळाली. ते काडतूस म्हणजे मूळचं सात मिलिमीटर माउझर, १८९०च्या दशकातलं, मॅग्नमच्या मानानं अगदी गरीब स्वभावाचं. आफ्रिकेत ‘करामोजो’ बेल नावाच्या शिकाऱ्यानं हजारावर हत्ती मारले, आणि त्यातले बरेचसे याच काडतुसानं. तो हत्तीच्या कवट्या कापून मेंदू नेमका कुठे असतो हे बघून ठेवायचा. म्हणजे काडतुसापेक्षा, मी म्हणालो, नेम—

“बिचारा,” काका मधेच म्हणाले. “त्याच्याकडे शॉर्ट मॅग्नम असतं तर?”

तर हत्ती उरले नसते, एवढंच मला सुचलं. पण काकांचे डोळे तोवर लांब, आफ्रिकेच्या दिशेला लागले होते.

त्यांच्याबरोबर प्रत्यक्ष शिकारीला जायचा योग हमाल म्हणून आला. कोलोरॅडोत अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत. अमेरिकेच्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात एवढे नाहीत. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, नर तीनशे किलोंचा. हे सगळे एल्क कुठे असतात ते सांगतो. शरद ऋतूत एस्टेस पार्क गावात गोल्फच्या मैदानावर बसलेले असतात. तिथून रस्ता ओलांडतात, लोकांच्या अंगणातली फुलं खातात, फोटो काढून घेतात. गावात आणि शेजारच्या राष्ट्रीय उद्यानात शिकारीला बंदी आहे हे त्यांना पाठ असावं. जिथे शिकार चालते तिथे, तीन हजार मीटर उंचीवर, दाट झाडीत, साधारण पाचातल्या एकाच शिकाऱ्याला एल्क मिळतो.

नियमानं प्रत्येकाच्या अंगावर पाचशे चौरस इंच भडक केशरी रंग हवा. २०१६पासून गुलाबीही चालतो. आम्ही दोन केशरी माणसं पहाटेच्या अंधारात एका धारेवर जाऊन बसलो. समोर दरी, दरीपलीकडे सहाशे मीटरवर उतार. काकांनी दुपायी रोवली, वारा मोजायचं यंत्र काढलं, अंतर मोजायचं यंत्र काढलं, फोनवर गोळीच्या वळणाचं गणित मांडलं आणि दुर्बीण पंचवीसपट मोठं दाखवेल अशी फिरवून ठेवली. थंडीनं फोनची बॅटरी बसली, तेव्हा खिशातून छापील कोष्टक निघालं. त्या पलीकडच्या उतारावर एखादा उंदीर जरी हलला असता तरी त्याची धडगत नव्हती.

एल्क मागून आला. चाळीस पावलांवर झाडीतून बाहेर पडला आणि आमच्याकडे बघत उभा राहिला. काका गर्रकन वळले आणि दुर्बिणीला डोळा लावला. चाळीस पावलांवर पंचवीसपट म्हणजे समोर नुसते केस. मान की मांडी, काही कळेना. आणि मग बोल्टकाकांनी जन्मभर ज्याचा रियाज केला ते केलं. खट्-खटाक्, खट्-खटाक्, खट्-खटाक्! तीन अखंड काडतुसं एकामागून एक बर्फात येऊन पडली. चापाला बोट लागलंच नव्हतं. जाड काडतुसं मॅगझिनमध्ये मावतात तीन. चौथ्यांदा बोल्ट रिकामाच फिरला. एल्क थोडा वेळ थांबला, मग झाडीत निघून गेला.

मला वाटलं काका आता रडतील. त्यांचा चेहरा उजळला होता. “वेग पाहिलास? लाँग ॲक्शन असती तर दुसऱ्यालाच अडकलो असतो!”

त्याच आठवड्यात त्यांच्या सासूबाईंनी एल्क मारला. आजींचं वय सत्त्याहत्तरच्या वर. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय परवाना मिळत नाही. काका तो अभ्यासक्रम फावल्या वेळात शिकवतात. आजींचा जन्म त्याच्या आधीचा, त्यामुळे त्यांना शिकायची सक्ती नाही. त्या गुलाबी जाकीट घालून ओळखीच्या एका पाणवठ्याशेजारी लोकर विणत बसतात, साठ पावलांवर एल्क आला की विणकाम खाली ठेवतात, एक बार काढतात आणि मुलीला फोन करतात. रायफल थ्री-ओ-एट, नवऱ्याच्या हातची. थ्री-ओ-एट हे १९५२चं साधंसुधं काडतूस. त्याची पुंगळी ५१ मिलिमीटरची, म्हणजे डब्ल्यूएसएमपेक्षाही आखूड. अमेरिकेत ‘शॉर्ट ॲक्शन’ म्हणतात ती मुळात याच्याच मापाची. हे काकांनाही माहीत आहे. पण ते मॅग्नम नाही, आणि सासूबाईंशी या विषयावर बोलता येत नाही. काडतूस कुठलं वापरता, असं विचारलं तर त्या चष्मा लावून खोक्यावर वाचून सांगतात.

एल्कचा खिमा आमच्या घरी शिजला. बायकोनं सांगलीहून आलेला कांदा-लसूण मसाला सढळ हातानं घातला. आजींनी दोनदा घेतला, काकांनी तीनदा.

काकांचं मन त्या दिवशी थाऱ्यावर नव्हतं, आणि कारण तो बर्फातला प्रसंग नव्हता. पंथावरच संकट आलं होतं. २०१८चं सिक्स-फाइव्ह पीआरसी आणि २०२१चं सिक्स-एट वेस्टर्न आखूडच होती, तोवर ठीक होतं. २०२२ साली सात मिलिमीटर पीआरसी आलं, सगळ्यांनी डोक्यावर घेतलं, आणि ते निघालं लाँग ॲक्शनचं. २०२५ साली फेडरल कंपनीनं सात मिलिमीटर बॅककंट्री काढलं: पितळेऐवजी पोलादी पुंगळी, तिच्यात प्रचंड दाब, म्हणजे आखूड नळी आणि पुढे सायलेन्सर असला तरी वेग उतरत नाही. काकांची करवतीची जखम भरून काढणारं औषधच. पण त्यालाही लांबच ॲक्शन लागते. नळी आखूड, बोल्ट लांब! जन्मभर ज्या देवळाच्या पायऱ्या झिजवल्या तिथला देव शेजारच्या देवळात जाऊन बसला, तर भक्तानं काय करायचं?

मी विषय बदलायला आमच्या कोकणातल्या मामाची गोष्ट काढली. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानंतर शिकार संपली, पण मामाकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू घालायची, छर्रे घालायचे, गजानं ठासायचं. तोवर डुक्कर जेवून घरी गेलेलं असायचं. काका जेवायचे थांबले. “म्हणजे तिला बोल्टच नाही?” नाही. “ॲक्शनची लांबी?” ॲक्शनच नाही. “म्हणजे शून्य,” ते पुटपुटले, “शून्य मिलिमीटर!” कोलोरॅडोत सप्टेंबरमध्ये ठासणीच्या बंदुकांचा स्वतंत्र हंगाम असतो. त्यांच्या बायकोनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

तेवढ्यात आजी म्हणाल्या की त्यांच्या खोक्यात आता तीनच काडतुसं उरली आहेत. वर्षाला एक, म्हणजे तीन वर्षं. काकांनी विचारलं, रायफलीचा नेम शेवटचा कधी तपासला? आजी म्हणाल्या, त्यांच्या यजमानांनी जाण्याआधी तपासला होता. यजमान जाऊन पंचवीस वर्षं झाली आहेत.

त्या रात्री काकांना झोप आली नसावी. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते आजींची रायफल मैदानावर घेऊन गेले आणि शंभर यार्डांवर नेम तपासून आले. तिन्ही गोळ्या एका नाण्याखाली झाकतील अशा लागल्या. नेम जिथल्या तिथे होता. काडतुसं मात्र संपली होती.

काकांच्या गॅरेजात अकरा प्रकारची काडतुसं निघाली, थ्री-ओ-एट एकही नाही. दुकानात खोकं कुठेही मिळतं, पण दुकानातलं काडतूस सासूबाईंच्या हाती देणं जावयाच्या शानीला शोभलं नसतं. काकांनी नवे साचे मागवले, पुंगळ्या मागवल्या, पाच कंपन्यांच्या गोळ्या आणि चार तऱ्हांची दारू मागवली, आणि प्रत्येक जोडी कागदावर झाडून बघायला सुरुवात केली. उन्हाळा त्यात गेला. आता ऑक्टोबर जवळ आला आहे. आजी संध्याकाळी गॅरेजच्या दारात येऊन विचारतात, “झालं का?”

आतून काकांचा आवाज येतो, “दारू ठरली, सासूबाई. गोळी ठरायची आहे.”